खुर्च्या शेवटी घ्या भाऊ: तालुक्याचं जुनं थेटर पुन्हा उभं करताना

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. मला समजलं ते असं की यवतमाळ जिल्ह्यातल्या तुमच्या तालुक्याच्या गावी, बाजारचौकात, आजोबांच्या पिढीनं वर्गणी काढून बांधलेलं नाट्यगृह आहे, पुढे त्याचीच टॉकीज झाली, आणि आता १८ वर्षं कुलूप. मालकी एका जुन्या ट्रस्टची. गावातल्या आणि पुण्या-नागपूरला गेलेल्या पोरांनी मिळून १२ लाख जमवले. अर्धे म्हणतात एसी आणि पुशबॅक खुर्च्या टाकून चालू करा, अर्धे म्हणतात पाडा, खाली गाळे काढा, वर हॉल. आणि तुम्ही विचारताय, सुरुवात कुठून करू.

मी आधी वीसेक वर्षं झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्यातल्या, नाटकांना लाइट आणि नेपथ्य केलं, आणि गेली ११ वर्षं आमच्या गावचं असंच एक थेटर दुरुस्त करण्यात आणि चालवण्यात गेली. इंजिनिअर नाही, पण चुका भरपूर केल्या, त्यातल्या बऱ्याचशा गावाच्या पैशानं, म्हणून सविस्तर लिहितो.

माझ्या मते तुमचा खरा प्रश्न असा आहे, की वर्षातून किती तारखांना त्या थेटरचं दार उघडणार आणि चावी कोणाच्या खिशात राहणार. याचं उत्तर असेल तर पडकी भिंतही उभी राहते, आणि नसेल तर नवीकोरी इमारत पाच वर्षांत पाकोळ्यांची होते. तुम्ही पण बघितली असतील अशी सांस्कृतिक भवनं, उद्घाटनाची पाटी चकचकीत आणि आत पोपडे.

आता जे परिस्थितीवर आहे ते आधीच कबूल करतो. तुमच्याकडे काळी माती, पावसात फुगते, उन्हाळ्यात हातभर भेगा पडतात, पायाचं गणितच वेगळं. आमची धानाची जमीन. तुमचं छप्पर कशाचं आहे ते तुम्ही लिहिलं नाही, कवेलू (कौलं), टीन की स्लॅब. ट्रस्टचे लोक हयात आहेत की नाही तेही नाही. त्यामुळे मी सांगतो ते जसंच्या तसं उचलू नका, एक स्ट्रक्चरल इंजिनिअर दाखवाच, पण जुन्या चुन्याच्या बांधकामात हात घातलेला पाहिजे. फक्त स्लॅब-कॉलम करणारा आला तर पहिल्याच भेटीत 'पाडा' म्हणणार, त्याला दुसरं येतच नाही.

पहिली चूक, म्हणजे आमच्या हिशेबातली. आम्हाला वाटलं होतं आपण झाडीपट्टीत राहतो, नाटककंपन्यांचं गाव वडसा हाकेच्या अंतरावर, दिवाळीपासून होळीपर्यंत कंपन्या गावोगाव नाटकं करतात, मग आपलं थेटर तर आपोआप भरेल. नाही भरलं. कारण आमच्याकडचं नाटक म्हणजे मंडई (गावची जत्रा) किंवा शंकरपटाच्या (बैलांच्या शर्यतीच्या) निमित्तानं उघड्यावर, रात्री दहाला पडदा वर जातो आणि पहाटे घरी जायचं, समोर जमीन खोदून उतार केलेला, त्यात हजारोंनी माणूस, शाली-स्वेटर घालून, लेकरं मांडीवर झोपलेली. गावात त्या दिवशी घरोघरी पाव्हणे. २०१४ ला सुप्रीम कोर्टानं बैलांच्या शर्यती बंद केल्या, २०२३ च्या मे महिन्यात त्याच कोर्टानं परवानगीचा कायदा कायम ठेवला, पण मधली बरीच वर्षं पट नव्हते तरी नाटकं सुरूच होती, इतकं ते रक्तात आहे. मग असा प्रेक्षक चार भिंतीत कायले येईल? आणि कंपनीचं तरी गणित कसं बसणार, आमच्या ४०० जागा, १०० रुपये तिकीट धरा, सगळा हॉल भरला तरी ४० हजार. तेवढ्यात नट, वादक, पडदे, साउंड, गाडी आणि जेवण होत नाही बाप्पा.

म्हणून पहिलं वर्ष आम्ही दाराकडे बघत बसलो. मग एका म्हाताऱ्या तबलजींनी विचारलं, 'मंडपात काय होत नाही ते इथं करा ना!' तिथून डोक्यात उजेड पडला. मंडपात पावसाळ्यात काही होत नाही. मंडपात लहान पोट्ट्यांचं नाटक उभं राहत नाही, आवाज पोचत नाही त्यांचा. मंडपात दीड महिना रोज संध्याकाळी तालीम करता येत नाही. आज आमच्या डायरीतल्या सगळ्यात जास्त तारखा तालमींच्या आहेत, त्यांना आम्ही फक्त लाइटबिलापुरते पैसे घेतो. राज्य नाट्य स्पर्धेला चंद्रपूर केंद्रावर जायचं असलं की आसपासच्या तीन तालुक्यांतले हौशी ग्रुप इथं येऊन बसतात, पोहे-चहा समोरच्या टपरीवर, टपरीवाला आमच्याहून खूश. म्हणून पैसे खर्चायच्या आधी एक वही घ्या आणि गावात फिरा, शाळा, कॉलेज, भजनी मंडळं, बचत गट, दंडार आणि खडी गंमत ही लोकनाट्यं करणारे कोणी उरले असतील तर ते, सगळ्यांना एकच विचारा, 'वर्षातून किती दिवस वापराल आणि किती द्याल.' शंभरच्या आसपास तारखा कागदावर दिसल्या तर पुढे जा. तीसच दिसल्या तर सध्या फक्त छप्पर वाचवा आणि वाट बघा, त्यात काही कमीपणा नाही.

दुसरं कागद. हे कंटाळवाणं आहे पण इथंच गाडी फसते. धर्मादाय आयुक्तांच्या ऑफिसातून तुमच्या ट्रस्टचा पीटीआरचा (सार्वजनिक ट्रस्टच्या नोंदवहीचा) उतारा, म्हणजे शेड्यूल एक, काढा. त्यावरची नावं वाचा. आमच्या उताऱ्यावर ९ विश्वस्त होते, त्यातले ८ वारलेले आणि नववे अंथरुणाला खिळलेले. विश्वस्तांत बदल झाला की कायद्यानं ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यायचा असतो, आमच्याकडे तीस वर्षांत एकही नाही. ते निस्तरेपर्यंत ना बँकेत खातं चालेना, ना कोणाकडे अधिकृत मागता येईना. जागेचं पण बघा, आपल्याकडे गावाच्या मधल्या जागा बऱ्याचदा नझूलच्या (सरकारी मालकीच्या) असतात, आखीव पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) भाडेपट्टा कधी संपला आणि कुठल्या वापरासाठी दिला होता ते वाचा. आणि ते गाळेवाले लोक, त्यांना हेही सांगा की पब्लिक ट्रस्टची इमारत तीन वर्षांहून जास्त मुदतीनं भाड्यानं द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची आधी परवानगी लागते, विकायची असली तरी लागतेच. मोठ्या कंपन्यांच्या सीएसआरमध्ये (सामाजिक कामाच्या खर्चात) ऐतिहासिक वास्तूंची दुरुस्ती बसते, कंपनी कायद्याच्या सातव्या परिशिष्टात तसं लिहिलेलंच आहे, पण कागद साफ नसले तर तुमचा अर्ज कोणी उघडून पण बघत नाही.

आता इमारत. छप्पर आधी. जुन्या थेटरांना सहसा सागवानी कैच्या (छप्पर पेलणारे तिकोनी सांगाडे) असतात, आणि लोक खालून बघतात, मधला भाग काळाकुट्ट पण ठणठणीत दिसतो, म्हणतात 'लाकूड तर एक नंबर आहे'. कैची सडते ती टोकाला, जिथं ती भिंतीत शिरते. तिथं हवा लागत नाही, गळकं पाणी मुरतं आणि उधई (वाळवी) पण तिथूनच चढते. आमचे सुतार काका मचाणावर चढले, त्यांनी टोकाजवळच्या दोन विटा काढल्या आणि पटाशी (छिन्नी) नुसती टेकवली, ठोकली पण नाही, तर ती मुठीपर्यंत आत गेली आणि बाहेर आला तो भुसा, चहापत्तीसारखा. तीच पटाशी दोन फूट अलीकडे ठोकली तर टणकन परत आली. म्हणजे सात कैच्यांपैकी चारांची टोकं गेलेली, बाकी सगळं लाकूड अजून दोन पिढ्या टिकेल असं. एका कंत्राटदारानं सगळ्या कैच्या काढून लोखंडी ट्रस आणि पत्रा सुचवला होता, (जुन्या सागवानाचं काय करणार विचारलं तर 'ते मी घेऊन जाईन ना' म्हणे, वा रे वा). आम्ही खालून टेकू दिले, सडलेली टोकं तेवढी कापली, जुन्या लाकडाला नवीन सागवान जोडलं, सांध्याच्या दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या आणि आरपार बोल्ट. लाकूड बल्लारपूरच्या वनविभागाच्या डेपोतलं, ज्या भागातलं सागवान २०२३ ला अयोध्येच्या मंदिरासाठी गेलं तेच, फक्त आमचं लहान लहान तुकड्यांत. आणि टोकाभोवती भिंतीत बोटभर पोकळी ठेवली, हवा खेळायला. ही पोकळी गवंडी हमखास सिमेंटनं भरून टाकतात, समोर उभे राहा.

कवेलू असतील तर ते दरवर्षी पावसाआधी फेरावे लागतात हे बजेटमध्ये धरा, वांदरं आहेतच. इंग्रजी कवेलू असतील तर फुटतात कमी. पत्रा टाकायचा मोह होतो, पण आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, पत्र्याखाली माणूस भाजून निघतो आणि पाऊस आला की स्टेजवरचं एक अक्षर ऐकू येत नाही.

छपरानंतर पाणी. तुमच्या काळ्या मातीत हे आमच्याहून जास्त महत्त्वाचं आहे. छपराचं पाणी भिंतीच्या पायाशी पडत असेल तर ते चारही बाजूंनी नालीत घेऊन दूर न्या, भिंतीलगतची झुडपं आणि पिंपळाची रोपं मुळासकट काढा. भिंतीला तिरप्या भेगा असतील तर लगेच भरू नका, काचेची पट्टी आडवी चिकटवा आणि एक पावसाळा जाऊ द्या. पट्टी तडकली तर भिंत अजून हलतेय.

आणि गिलावा चुन्याचाच. इथं आमची दुसरी मोठी चूक. घाई होती, उद्घाटनाला पुढारी येणार होते, आम्ही खालच्या चार फुटांत सिमेंटचा गिलावा मारून ऑइलपेंट दिला, काय झकास दिसलं राज्या! दोन पावसाळे गेले आणि भिंतीला गोवर निघाल्यासारखे फोड आले, हात लावला की पापुद्रा खाली आणि आत पांढरा लोणा (खार). जुनी वीट आणि चुना ओल पितात आणि परत सोडतात, वरून सिमेंट बसलं की ओल बाहेर यायला जागा नाही, ती विटेलाच खाते. ते सगळं खरवडून पुन्हा चुना-सुरखीचा (विटांच्या भुकटीचा) गिलावा केला, दुप्पट खर्च. चुना भिजवायला आणि वाळायला वेळ लागतो, तेवढा द्या, उद्घाटनाची तारीख मागाहून ठरवा.

यानंतर वायरिंग आणि दारं, यात काटकसर बिलकुल नको. कोल्हापूरचं केशवराव भोसले नाट्यगृह, शाहू महाराजांनी १९१५ मध्ये उभारलेलं, ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री काही तासांत जळालं. लाकडी स्टेज, लाकडी छप्पर, पडदे, आपल्या सगळ्या जुन्या थेटरांत तेच साहित्य आहे. म्हणून जुनी एक पण वायर ठेवू नका, सगळं पाइपातून, स्टेजच्या लाइटची लाइन वेगळी, हॉलची वेगळी, अर्थिंग नवीन, आणि मेन स्विच असा की नाटक संपल्यावर शेवटचा माणूस एक खटका पाडून जाईल. एलईडीमुळे लोड फार कमी झालाय, आम्ही हजार वॉटचे हॅलोजन वापरायचो तेव्हा विंगेत पडद्याला हात लावला तर गरम लागायचा. दारं बाहेर उघडणारी करा. आमची जुनी सगळी आत उघडायची आणि वरून आडणा (आडवा दांडा). दिल्लीच्या उपहार टॉकीजमध्ये १९९७ ला ५९ माणसं गेली, बाहेर पडायच्या वाटा अडलेल्या होत्या म्हणून. प्रयोग चालू असताना एकाही दाराला कुलूप नको, फुकटे शिरले तर शिरू द्या. आग विझवायच्या सिलिंडरवर भागत नाही, महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निसुरक्षा कायद्याप्रमाणे जानेवारी आणि जुलैमध्ये लायसनवाल्या एजन्सीकडून फॉर्म बी (आगीची यंत्रणा चालू असल्याचा दाखला) घ्यावा लागतो, तारीख भिंतीवर लिहून ठेवा.

यानंतर काय, तर संडास. हसू नका. आमच्या गावातल्या एका आजींनी मला सांगितलं की त्यांच्या लहानपणी थेटरात बायकांची बाजू वेगळी होती, वेगळं दार, मध्ये कनात, आणि तरी त्या मध्यंतराआधीच उठून घरी यायच्या, 'कारण तुमच्या थेटरात बायकांनी जायचं कुठं?' नाटक अर्धवट, शेवट दुसऱ्या दिवशी नवऱ्याला विचारायचा. आम्ही खुर्च्यांचे पैसे तिकडे वळवले, बायकांसाठी चार संडास, पाणी, आतून कडी आणि वाटेवर लाइट. त्या वर्षीपासून हॉलचा अर्धा भाग बायकांनी भरतो आणि गावचं भजनी मंडळ, खंजिरीवर तुकडोजी महाराजांची भजनं म्हणणारं, दर महिन्याला इथंच बसतं.

खुर्च्यांबद्दल माझं मत बऱ्याच जणांना पटत नाही. फिक्स पुशबॅक खुर्ची लावली की हॉल फक्त बघायच्या कामाचा उरतो. आमची जमीन सपाट आहे, सतरंजी, बाक आणि साध्या सुट्या खुर्च्या. सकाळी रक्तदान शिबीर, दुपारी बचत गटाची मीटिंग, संध्याकाळी तालीम, तिन्ही होतं. मागच्यांना दिसत नाही ही तक्रार खरी आहे, त्याला उपाय म्हणून मागच्या सहा रांगांना लाकडी पायऱ्या केल्या, त्या उचलून ठेवता येतात. एसी तर नकोच, एवढी उंची आणि कवेलूंच्या फटी, तुम्ही अख्खा बाजारचौक थंड कराल. वरचे झरोके उघडा, पंखे लावा, उन्हाळ्यात कार्यक्रम सातनंतर. कूलर म्हणजे आपला जीव की प्राण, पण चार कूलर चालू झाले की तिसऱ्या रांगेच्या मागे संवाद ऐकू येत नाही, आम्ही पडदा वर जायच्या आधी बंद करतो.

आवाजाचं एक सोपं. रिकाम्या हॉलमध्ये स्टेजवर उभं राहून एक टाळी वाजवा, ती रेंगाळली तर मागच्या भिंतीला जाड पडदे किंवा गोणपाटात कापूस भरून पट्ट्या लावा. सगळ्या भिंतींना नका लावू, नाहीतर माइकशिवाय बोलताच येणार नाही, आणि लहान पोरांना बिनमाइकचं बोलायला शिकवणं हाच आमच्या हॉलचा खरा धंदा आहे.

जुने रंगवलेले पडदे सापडले का? आमच्याकडे माळ्यावर बांबूला गुंडाळलेले पाच निघाले, राजवाडा, रस्ता, जंगल. उत्साहात पहिला आम्ही एका झटक्यात सोडला आणि राजवाड्याचा अर्धा रंग फरशीवर. बाकीचे मग सावलीत, हळूहळू, चार माणसांनी धरून उलगडले. जंगलाचा पडदा आजही वापरतो, वर्षातून एकदा.

लग्नाला द्यायचं का, हा प्रश्न येणारच, आणि पैसा तिथंच आहे हेही खरं. आम्ही आत स्वयंपाक, सिलिंडर आणि खांबाला खिळा या तिन्हींना बंदी घातली, साखरपुडा चालतो, जेवणावळ मागच्या अंगणात. यावरून भावकीत दोन वर्षं बोलणं बंद होतं, आता सवय झाली.

परवानग्यांचं धावतं सांगतो. नाटकाची संहिता रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाकडून पास झालेली पाहिजे, तिकीट लावलं की पोलिसांची परवानगी. ५०० रुपयांपर्यंतच्या नाटकाच्या तिकिटावर जीएसटी नाही, सिनेमाचं मात्र वेगळं. रात्री १० नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही पण बंद सभागृहात आतल्या आत चालतो, आवाज बाहेर त्रास देईल इतका नको. हा आपल्या थेटरांचा मोठा फायदा आहे आणि तो आयोजकांना सांगायला लोक विसरतात.

मग तुमच्या १२ लाखांचं. मी असतो तर क्रम असा लावला असता: कागद, मग छप्पर आणि नाली, मग वायरिंग आणि दारं, मग संडास. बहुतेक इथंच पैसे संपतील, आणि संपले तरी चालतील, सतरंजी टाकून चालू करा. आम्ही पहिला कार्यक्रम जिल्हा परिषद शाळेच्या पोरांच्या नाटकाचा केला, भिंतीला रंग पण नव्हता. २०२३ ला झाडीपट्टीचे नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा त्याच पोट्ट्यांतले दोघं माझ्याकडे पळत आले, 'सर, आपल्या नाटकवाल्याले भेटली!' तोपर्यंत त्यांना वाटायचं नाटक म्हणजे पुण्या-मुंबईचं.

आता तुम्ही एक करा, पीटीआरचा उतारा काढायला टाका आणि तो येईस्तोवर एखाद्या सुताराला घेऊन कैच्यांची टोकं बघून घ्या. मोबाईलच्या टॉर्चवर नका बघू, सावलीत सगळंच चांगलं दिसतं, लांब वायरीचा हॅलोजन घेऊन वर चढा. किती टोकं गेली ते कळवा, मग १२ लाखात काय बसतं ते सांगतो.